डीसीडायग आणि त्याच्या सोबतची साधने: बिघडलेल्या डिरेक्टरीच्या निदानात खरी उतरली का?

लहान कार्यालयातील सर्व्हरची डिरेक्टरी, म्हणजे वापरकर्ते आणि संगणक यांची मध्यवर्ती नोंदवही, बिघडली की पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारा आणि नव्याने टाका’ असाच मिळतो. मला तो दोन वेगवेगळ्या, अनुभवी माणसांकडून मिळाला होता. तो न मानता, विंडोज सर्व्हर २००८ आर२ सोबत आयतीच येणारी निदानाची साधने, म्हणजे डीसीडायग, रेपॲडमिन, डब्ल्यू३२टीएम, एनएलटेस्ट आणि एनटीडीएसयुटिल, वापरून मी एका पतसंस्थेची डिरेक्टरी दुरुस्त केली आणि त्या कामाच्या आधारे या साधनांचे हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. ही साधने जे सांगतात ते जवळजवळ नेहमी खरे असते. मात्र ती ज्या क्रमाने आणि ज्या शब्दांत सांगतात, त्याच क्रमाने आणि त्याच शब्दांवर विसंबून हात घातला, तर आजवर धड असलेला भागही बिघडू शकतो.

कार्यालय कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी पतसंस्थेचे आहे. ३८ संगणक आणि २०११ मध्ये बसवलेला एकच सर्व्हर. तो बसवणाऱ्यांशी असलेला करार कधीच संपला होता आणि मांडणीविषयी कागदावर एक ओळही लिहून ठेवलेली नव्हती. सकाळी संगणक सुरू केल्यावर लॉगिन होण्यास काही टेबलांवर पंधरा-पंधरा मिनिटे लागत. नव्या लिपिकाचा पासवर्ड एका संगणकावर चाले आणि शेजारच्या संगणकावर ‘सध्या एकही लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ असा संदेश येई. प्रिंटर आपोआप जोडले जात नसत. लेखापाल बाई रोज सकाळी फोन करून ‘सर, आज परत नुसतं फिरतंय’ एवढेच सांगत, आणि त्यांच्या पलीकडे खिडकीशी सभासदांची रांग वाढत असे. सर्व्हरचा दिवा हिरवा होता, सामायिक फोल्डर उघडत होते, त्यामुळे दोष ‘नेटवर्कमध्ये’ आहे असे समजून दोन वर्षांत दोनदा केबल आणि एकदा स्विच बदलून झाला होता.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली व्यवस्था आहे. कोण वापरकर्ता, त्याचा पासवर्ड काय, तो कोणत्या गटात, कोणता संगणक संस्थेचा, या साऱ्याची नोंद ती ठेवते आणि विचारणाऱ्याला त्याच क्षणी उत्तर देणे तिच्याकडून अपेक्षित असते. पण संगणकाला मुळात ती नोंदवही कोठे आहे हे शोधावे लागते आणि तो शोध डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतून, चालतो. डोमेन कंट्रोलरवरील, म्हणजे ही नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरवरील, नेटलॉगऑन ही सेवा डीएनएसमध्ये एसआरव्ही प्रकारच्या नोंदी करून ठेवते आणि संगणक त्या नोंदी विचारून पत्ता मिळवतो. म्हणजे डिरेक्टरी शाबूत असूनही डीएनएस चुकला की ती नसल्यासारखीच होते. पुढे जे काही सांगितले आहे, ते बहुतांशी या एका गोष्टीशी येऊन मिळते.

डीसीडायग पूर्वी वेगळ्या सपोर्ट टूल्समधून घ्यावे लागे. २००८ पासून ते डोमेन कंट्रोलरवर मुळातच असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि नाव टाइप करायचे, इतकेच. माझ्या पहिल्या तपासणीत कनेक्टिव्हिटी ही पहिलीच चाचणी नापास झाली आणि खाली एक ओळ उमटली, की हा सर्व्हर डिरेक्टरीच्या विनंत्यांना प्रतिसाद देत नसल्यामुळे बाकीच्या सर्व चाचण्या वगळत आहे. ज्याने हे साधन पूर्वी वापरलेले नाही, त्याला ही ओळ वाचून डिरेक्टरी मेली असेच वाटेल, आणि ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला बहुधा याच टप्प्यावर जन्माला येत असावा. वास्तविक ही चाचणी सर्व्हरच्या ओळखीची नोंद डीएनएसमध्ये सापडते का हे आधी पाहते आणि ती सापडली नाही, तर पुढे जातच नाही. ‘मला हे नाव डीएनएसमध्ये मिळाले नाही’ असे ती वरच्या चार ओळींत लिहितेही, पण नजर जाते ती ‘फेल्ड’ या शब्दाकडे.

डीएनएसची सविस्तर चाचणी डीसीडायग आपणहून करत नाही, ती वेगळी मागावी लागते. या साधनाची माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच आहे. जी तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, ती ऐच्छिक ठेवलेली आहे. मागितल्यावर मात्र तिने काम चोख केले. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर पहिला डीएनएस म्हणून इंटरनेटवरील एक सार्वजनिक पत्ता होता आणि स्वतःचा पत्ता दुसऱ्या जागी होता. संगणकांना पत्ते वाटण्याचे काम राउटर करत होता आणि तोही सर्वांना बाहेरचाच डीएनएस देत होता. कधीतरी इंटरनेट मंद झाले असेल, कोणीतरी ‘हा डीएनएस टाका, वेग वाढेल’ म्हणून तो टाकला असेल, आणि इंटरनेट खरोखर सुरळीत झाल्यामुळे त्या बदलाकडे पुन्हा कोणी पाहिले नसेल.

येथे एक समजूत फार खोल रुजलेली आहे, म्हणून थोडे थांबतो. दुसरा डीएनएस म्हणजे पहिल्याला उत्तर माहीत नसेल तर ज्याला विचारले जाते तो, असे अनेक जाणकारही मानतात. प्रत्यक्षात पहिला सर्व्हर उत्तरच देत नसेल, तरच दुसऱ्याकडे विचारणा होते. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेदेखील एक पूर्ण उत्तर आहे, आणि संस्थेच्या डोमेनचे नाव ‘लोकल’ असे संपत असल्यामुळे इंटरनेटवरचा कोणताही डीएनएस हेच उत्तर देणार. ते मिळाले की संगणक दुसऱ्याला विचारत नाही. मग तो जुन्या नेटबायोस पद्धतीने सबंध जाळ्यात हाक मारत बसतो, आणि सर्व्हर त्याच मजल्यावर असल्यामुळे कधीतरी ती हाक ऐकू येते. पंधरा मिनिटांचे ‘फिरणे’ म्हणजे या हाका होत्या. ज्या संगणकांवर जुने लॉगिन साठवलेले होते, तेथे सर्व्हर सापडला नाही तरी काम चाले, म्हणून जुना कर्मचारी आत जाई आणि नवा लिपिक बाहेर राही.

सर्व्हरच्या कार्डावर एकट्या त्याचाच पत्ता ठेवला, बाहेरचा पत्ता डीएनएस सेवेच्या फॉरवर्डरमध्ये, म्हणजे स्वतःला माहीत नसलेली नावे ती पुढे ज्याला विचारते त्या जागी, नेला, राउटरने संगणकांना सर्व्हरचाच पत्ता द्यावा अशी नोंद केली आणि नेटलॉगऑन सेवा पुन्हा सुरू केली. ती सुरू होताना आपल्या नोंदी डीएनएसमध्ये नव्याने करते. नंतर एनएलटेस्टला डोमेन कंट्रोलर शोधायला सांगितले, तेव्हा उत्तर एका सेकंदाच्या आत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. खरे सांगायचे तर अनेक जण येथेच थांबतील, आणि मलाही तो मोह झाला होता.

पण आता कनेक्टिव्हिटी पास झाल्यामुळे डीसीडायगच्या उरलेल्या चाचण्या प्रथमच चालल्या आणि त्यांतील चार नापास निघाल्या. त्यांपैकी दोन निरुपद्रवी होत्या. सिस्टिमलॉग ही चाचणी गेल्या साठ मिनिटांत सिस्टिम लॉगमध्ये कोणतीही त्रुटी दिसली तरी नापास ठरवते, मग ती प्रिंटरच्या ड्रायव्हरची का असेना. डिरेक्टरीच्या विभागांवरील परवानग्या तपासणारी दुसरी एक चाचणी, केवळ वाचनापुरते डोमेन कंट्रोलर बसवण्याची पूर्वतयारी केलेली नसेल, तर नापास दाखवते, आणि असे कंट्रोलर ज्यांना बसवायचेच नाहीत त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. निदानाचे साधन महत्त्वाची आणि बिनमहत्त्वाची त्रुटी एकाच अक्षरात, एकाच वजनाने छापते, हे मला पटलेले नाही. तापाची आणि नखाला लागल्याची नोंद सारख्याच लाल शाईने केली, तर वाचणाऱ्याने कोठे धावायचे?

उरलेल्या दोन चाचण्या गंभीर होत्या, आणि तेथे, कंट्रोलरांमधील नोंदींची देवाणघेवाण तपासणारे रेपॲडमिन कामी आले. एकच सर्व्हर असलेल्या या कार्यालयात रेपॲडमिनने एका दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचे नाव दाखवले, आणि त्याच्याशी शेवटचा यशस्वी संपर्क २०१४ मधला असल्याचे सांगितले. चौकशीअंती कळले, की पूर्वी एक दुसरे यंत्र होते, ते जळाले आणि भंगारात गेले. यंत्र गेले तरी डिरेक्टरीतील त्याची नोंद तशीच राहिली, आणि पहिला सर्व्हर इतकी वर्षे त्या मृत जोडीदाराशी बोलण्याचा प्रयत्न करत राहिला. रेपॲडमिनबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो येथे. ते तारीख सांगते, किती वेळा अपयश आले ते सांगते, त्रुटीचा क्रमांक देते आणि मत देत नाही. या डोमेनमध्ये पुसलेल्या नोंदींची खूण १८० दिवस ठेवली जाते, त्यामुळे ते यंत्र समजा कोणी दुरुस्त करून परत जोडले असते, तर पुसलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होण्याचा धोका होता.

त्याहून मोठी गोष्ट पुढे निघाली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पाच विशेष जबाबदाऱ्या एकेका सर्व्हरकडे सोपवलेल्या असतात. त्या कोणाकडे आहेत हे नेटडॉम या आणखी एका छोट्या साधनाला विचारले, तर पीडीसी एम्युलेटर ही जबाबदारी त्या भंगारात गेलेल्या यंत्राकडेच होती. डोमेनमधील सर्वांची वेळ शेवटी याच सर्व्हरवरून ठरते. डब्ल्यू३२टीएमला वेळेचा स्रोत विचारला तेव्हा ‘लोकल सीमॉस क्लॉक’ असे उत्तर आले. म्हणजे वरिष्ठ सापडत नाही म्हणून सर्व्हर स्वतःच्या मदरबोर्डवरील घड्याळावर चालला होता, आणि त्या घड्याळाची सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी दहा वर्षांत कोणी बदललेली नव्हती. वीज जाऊन यूपीएसही उतरला की घड्याळ भरकटे. मी पाहिले तेव्हा ते अकरा मिनिटे मागे होते. व्हाउचरवर चुकीची वेळ छापली जाते म्हणून तिघा कर्मचाऱ्यांनी आपापली घड्याळे हाताने पुढे केली होती. डिरेक्टरी ज्या कर्बेरॉस पद्धतीने ओळख पटवते, ती मुळात पाच मिनिटांहून अधिक फरक मान्य करत नाही, आणि नेमक्या त्याच तीन संगणकांच्या लॉगमध्ये कर्बेरॉसच्या त्रुटींची रांग लागलेली होती.

जबाबदारी मृत यंत्राकडून काढून घेण्यासाठी एनटीडीएसयुटिल वापरले. हे साधन प्रश्नोत्तरांच्या पायऱ्या उतरत उतरत चालते, प्रत्येक पायरीवर वेगळी आज्ञा द्यावी लागते आणि आपण कोठे उभे आहोत हे सतत ध्यानात ठेवावे लागते. काम नेमके करते, पण नवख्याने ते रात्री दमलेल्या अवस्थेत वापरू नये. मृत कंट्रोलरची नोंद काढण्यासाठी २००८ पासून सोपा मार्ग आहे. वापरकर्ते आणि संगणक दाखवणाऱ्या नेहमीच्या खिडकीत त्याचे संगणक-खाते पुसले आणि ते कायमचे बंद झाल्याची खूण केली, की आतील बहुतेक साफसफाई आपोआप होते. डीएनएसमधील त्याच्या जुन्या नोंदी मात्र मी एकेक करून हाताने काढल्या.

वेळेसाठी सर्व्हरला नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा वेळ-सर्व्हर दिला. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम हीच प्रयोगशाळा करते, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकांची घड्याळे तिच्याशी किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) वेळ-सर्व्हरशी जुळवलेली असणे अपेक्षित आहे. डब्ल्यू३२टीएमची स्ट्रिपचार्ट ही आज्ञा मला विशेष आवडली. ती दर दोन सेकंदांनी फरकाची एक ओळ छापते, आणि अकरा मिनिटांचा फरक शून्याकडे आलेला डोळ्यांनी पाहता येतो. जाता जाता एक सूचना: घड्याळासोबत टाइम झोनही पाहावा. बसवताना तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहिला आणि आकडे भिंतीवरच्या घड्याळात बघून हाताने लावले, तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते आणि आतली जागतिक वेळ हिवाळ्यात साडेतेरा तासांनी चुकलेली असते.

रविवारी बॅटरी बदलण्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि आतापर्यंत पास होणारी एफआरएसइव्हेंट ही चाचणी अचानक नापास झाली. बॅटरी बदलताना काही बिघडवले की काय, या भीतीने मी तासभर अस्वस्थ होतो. खरे कारण असे, की ही चाचणी गेल्या २४ तासांतील नोंदीच पाहते. दोष अनेक महिने जुना होता, सेवा नव्याने सुरू झाल्यामुळे त्याची नोंद पुन्हा झाली आणि मगच चाचणीला तो दिसला. डीसीडायगमध्ये ‘पास’ याचा अर्थ कित्येकदा ‘कालपासून तक्रार नाही’ एवढाच असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

ती नोंद १३५६८ क्रमांकाची होती. सिसव्हॉल या फोल्डरची, म्हणजे ग्रुप पॉलिसी (सर्व संगणकांना एकत्र लागू होणारे नियम) आणि लॉगिनच्या स्क्रिप्ट जेथे असतात त्या फोल्डरची, प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवणारी जुनी एफआरएस सेवा जर्नल रॅप या अवस्थेत, म्हणजे फायलींतील बदलांचा माग सुटलेल्या अवस्थेत, अडकली होती. माझ्या दृष्टीने या साऱ्या संचातील सर्वांत धोकादायक मजकूर याच नोंदीत आहे, आणि तो धोका शांत, मदतीच्या स्वरात लिहिलेला आहे. नोंद स्वतःच उपाय सुचवते, की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत मांडणीच्या नोंदींत, अमुक नावाची किंमत १ करा, म्हणजे सेवा स्वतःला सावरेल. सावरण्याची ती रीत अशी आहे, की इथला मजकूर बाजूला सारायचा आणि जोडीदार सर्व्हरकडून नवी प्रत घ्यायची. जोडीदारच नसेल तर प्रत येणार कोठून? एकुलत्या एक सर्व्हरवर हा उपाय केला, तर सिसव्हॉल रिकामे होऊन सगळ्या पॉलिसी नाहीशा होतात. मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या मार्गदर्शनात हा उपाय वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे, पण नोंदीतले शब्द २००८ आर२ वरही तसेच राहिले.

योग्य मार्ग बर्फ्लॅग्ज या रजिस्ट्रीतील किमतीचा आहे. जोडीदार असेल आणि त्याची प्रत चांगली असेल तर डी२, आणि आपलीच प्रत प्रमाण मानायची असेल तर डी४. मी आधी सिस्टिम स्टेटचा, म्हणजे डिरेक्टरी आणि रजिस्ट्रीसह सर्व्हरच्या मूळ मांडणीचा, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, सिसव्हॉलची वेगळी प्रत काढून ठेवली, सेवा थांबवली, डी४ लिहिले आणि सेवा सुरू केली. काही मिनिटांनी लॉगमध्ये १३५१६ क्रमांकाची नोंद आली, सेवा सुरळीत झाल्याची. प्रिंटर आपोआप जोडले जाऊ लागले ते नंतरच्या सोमवारपासून.

खर्चाचे म्हणाल तर साधनांना एक रुपयाही लागला नाही. बॅटरी लागली आणि तीन रविवार लागले. सर्व्हर नव्याने उभा केला असता तर ३८ संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडावे लागले असते आणि प्रत्येकाचे प्रोफाइल हलवावे लागले असते, त्यापुढे हे फारच थोडे आहे. बेस्ट प्रॅक्टिसेस ॲनालायझर हे चित्रमय साधनही २००८ आर२ मध्ये आले. ते वाचायला सोपे आहे आणि नवख्याने तेथून सुरुवात करावी, पण मला त्यात डीसीडायगपेक्षा वेगळे काही हाती लागले नाही.

ज्यांच्याकडे हा सर्व्हर अजून आहे, त्यांनी ही साधने सर्व्हर टिकवण्यासाठी नव्हे तर त्याला रीतसर निरोप देण्यासाठी वापरावीत, असे मला वाटते. २००८ आर२ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा विस्तारित आधारही १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यापुढील आवृत्त्या एफआरएसवर चालणाऱ्या डोमेनमध्ये कंट्रोलर म्हणून येऊच शकत नाहीत, म्हणजे आजारी डिरेक्टरी घेऊन नव्या घरी जाण्याची वाटच बंद आहे. आम्ही डोमेनची पातळी विंडोज सर्व्हर २००३ वरून वर नेली, डीएफएसआरमिग या साधनाने सिसव्हॉलचे एफआरएसवरून डीएफएसआर या नव्या सेवेवर स्थलांतर एकेका टप्प्याने पूर्ण केले आणि त्यानंतरच विंडोज सर्व्हर २०२२ चे दोन कंट्रोलर जोडले. दोन्हींवर डीएनएसची चाचणी पहिल्या दिवशीच मागितली. जुन्या सर्व्हरकडच्या जबाबदाऱ्या काढून घेऊन, डीसीप्रोमो चालवून त्याला डिरेक्टरीतून मुक्त केले, आणि त्याचे नाव रेपॲडमिनच्या यादीतून गेल्याची खात्री झाल्यावरच त्याची वीज काढली. दोन्ही सर्व्हरचे पत्ते, डीएनएस, वेळेचा स्रोत आणि पाच जबाबदाऱ्या यांचा कागद आता रॅकच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, आणि त्याची एक प्रत लेखापाल बाईंच्या कपाटात आहे.